मौनाची वर्गणी

—तसं नाही मास्तर, आधी पूर्ण ऐकून घ्या आणि मग फोनवर चमचा वाजवा. एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, हे आपलं पहिल्या दिवसापासून ठरलंय, पण त्यासाठी मी काहीतरी विचारायला तर हवं ना? अजून मी काहीच विचारलेलं नाही. मी फक्त सांगितलं, की आज सात वाजल्यापासून मी बोलणार नाही. तुमच्याशी भांडण म्हणून नाही हो — कोणाशीच नाही. वसंत संपेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आता हसताय. येतंय मला ऐकू, त्या झटक्याने तुमचं बोलणं नेलं तरी हसणं शिल्लक ठेवलंय, नाकातून येतं, पण येतं. हसा. अख्खं गाव हसून झालं, तुम्हीच राहिला होतात.

आणि हे काही मी रागारागाने ठरवलेलं नाही, संस्थेचा रीतसर ठराव आहे. आत्ता मी तुमच्याशी बोलतेय ना, तर आमचे खजिनदार दारात स्टूल टाकून बसलेत. मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलंय, म्हणजे माझ्याकडे आणि काट्याकडे एकदमच बघता येतं. सात वाजले की हात वर करणार. काय हो खजिनदार, अजून आहे ना वेळ? — मान हलवली. तेसुद्धा बोलत नाहीत फारसं, पण त्यांना त्याचे कोणी पैसे देत नाही. बाकी खोली आहे तशीच, खालच्या लाँड्रीची वाफ जमिनीच्या फटीतून वर येतेय, पावतीपुस्तकं मऊ पडलीत, खिडकीच्या काचेवर घाम आलाय आणि त्यातून समोरची बाग नुसती हिरवी-पिवळी दिसतेय. फुलं आली असणार. मी काही जवळ जाऊन पाहिली नाहीत, मला कुठला वेळ, मी वर्गणी गोळा करतेय.

कशाची वर्गणी असं तुमच्या मनात आलं असणार, म्हणून सांगते. आपल्या संस्थेचं काम काय? एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी एक फोन. बस्स. जेवलात का, औषध घेतलंत का, कोण आलं होतं, कोण येतो म्हणून आलं नाही. एवढ्याला लागतं काय — फोन, खुर्ची आणि तोंड. खुर्च्या लाँड्रीवाल्याने दिल्या, तोंडं फुकट मिळतात, फोन मिळत नाहीत. एक तर कंपनीने थंडीतच तोडून नेला. उरलेल्या दोन्हींवर नोटीस आलीय, की वसंत संपायच्या आत थकबाकी भरा, नाहीतर हेही काढून नेतो. म्हणजे ती परिचारिका — निवृत्त झालेली, जिला आपला फोन आल्याशिवाय दिवा लावायचं सुचत नाही — ती अंधारात बसणार. तो म्हातारा पोस्टमन, जो रोज मला विचारतो की माझ्या नावाचं काही आलंय का, त्याला 'नाही आलं' असं सांगायलाही कोणी नाही. आणि तुम्ही. तुमचाही जाणार की हो, तुम्ही काय वेगळे आहात?

तर पैसे उभे करायचे. आता ह्यात आमचा हात कोणी धरणार नाही, मास्तर, दर वसंतात आमच्या समितीला कल्पना फुटतात. थंडीभर सगळे पांघरुणात, आणि जरा ऊन पडलं की एकेकाला पालवी. एका वर्षी ठरलं, रोपं विकायची. प्रत्येक सभासदाने घरी रोपं करायची आणि बागेबाहेर टेबल मांडून विकायची. मांडली. दुपार झाली तरी गिऱ्हाईक नाही, म्हणून दंतवैद्यांच्या बायकोने माझं एक रोप घेतलं, मला भीड पडली म्हणून मी तिची दोन घेतली, खजिनदारांनी आम्हा दोघींची घेतली — संध्याकाळपर्यंत टेबल साफ. जोरदार विक्री. आणि जो तो दुसऱ्याची रोपं छातीशी धरून घरी. बाहेरच्या माणसाचा एक पैसा नाही. वर घरी जाऊन बघतो तर सगळ्यांनी टोमॅटोच लावले होते.

पुढच्या वर्षी वसंतातली साफसफाई. लोकांच्या घरी जायचं, माळे आणि कपाटं आवरून द्यायची, जी अडगळ निघेल ती त्यांनी आपल्याला द्यायची आणि आपण ती विकायची. कल्पना माझी होती, आणि अजूनही सांगते, चांगली होती. मी घरमालकिणीला बोलण्यात गुंतवायचे म्हणजे बाकीच्यांना सुचेलसं काम करता यायचं — आणि त्यांना काय सुचलं, तर हाताला लागेल ते उचललं. लायब्ररीवाल्या बाईंचे पडदे धुवून खुर्चीवर वाळत घातले होते, ते गेले. एका गृहस्थांची शिडी गेली, आणि ते त्या शिडीने वर माळ्यावर चढलेले होते. ते वरून हाका मारतायत आणि मी खाली त्यांच्या बायकोला सांगतेय, अहो किती उत्साह आहे ह्यांना. विक्रीच्या दिवशी लोक येऊन आपापल्याच वस्तू ओळखून विकत घेत होते. खजिनदार खूश. म्हणाले, गिऱ्हाईक इतकं ठाम मी आयुष्यात पाहिलं नाही. ते तेवढ्यापुरतं जमलं, पण पुढे वर्षभर आम्हाला कोणी घरात घेईना.

मग चालण्याचा कार्यक्रम केला. गावाभोवती चालायचं, जितकं चालाल तितके पैसे ओळखीच्यांनी द्यायचे. रस्ता आखला तो नेमका सगळ्यांच्या घरांवरून. पहिल्या वळणावर मुख्याध्यापिका पाणी प्यायला म्हणून घरात गेल्या, पुढच्या वळणावर दंतवैद्य, मग त्यांची बायको त्यांना बघायला. मी पुढे होते. मी चालत होते आणि माझ्या मावसबहिणीच्या मुलीची हकिकत सांगत होते — ती हो, जिने लग्न मोडून घोड्यांच्या तबेल्यात नोकरी धरली — आणि तळ्यापाशी पोचून मागे वळून बघते तर मागे कोणी नाही. केव्हापासून नव्हतं, देव जाणे.

तर यंदाची सभा. आता तुम्हाला माझी सवय सांगते, चांगली नाही, पण आहे. मी सभेला जिथे बसेन तिथे शेजारच्याशी बोलत असते, आणि एकीकडे ठराव वाचून झाला, खोलीत शांतता पडली, की हात वर करून म्हणते, 'अनुमोदन.' ऐकावं लागतच नाही. ठराव असतात कसले — पंखा दुरुस्त करणे, मागच्या सभेचा वृत्तान्त मंजूर करणे. कोणीतरी अनुमोदन दिल्याशिवाय विषय संपत नाही आणि विषय संपल्याशिवाय चहा येत नाही, म्हणून इतकी वर्षं मीच देत आले. तर मी दंतवैद्यांच्या बायकोला आमच्या सूनबाईच्या नव्या चपलांचं सांगत होते, आणि खजिनदार उठले. सगळे कंटाळलेले होते, कोणाला काही सुचत नव्हतं, म्हणून ते गमतीत म्हणाले — त्यांची गंमतही हिशेबासारखी असते, कळत नाही — म्हणाले, 'असा ठराव मांडतो, की आपल्या चिटणीसबाईंनी वसंतभर गप्प राहावं, आणि त्याबद्दल गावाकडून वर्गणी घ्यावी.' चिटणीसबाई म्हणजे मी. लोक हसायच्या आत क्षणभर शांतता पडली. मला ती शांतता ऐकू आली. मी हात वर केला. अनुमोदन.

तिथेही ती गंमतच राहिली असती हो. पण दंतवैद्य उठले, कोटाच्या खिशातून पाकीट काढलं आणि टेबलावर नोटा ठेवल्या. हा माणूस, मास्तर, ज्याने आजवर संस्थेला नुसते टूथब्रश दिले. मग बाकीच्यांनीही पाकिटं काढली. ठराव मंजूर, अनुमोदन माझंच, आता तोंड कुठे लपवू?

मग काय विचारता. आजवर दारोदार फिरून चपला झिजल्या, लोक पडद्याआडून बघायचे आणि टीव्हीचा आवाज बारीक करून घरात कोणी नाही असं दाखवायचे. यंदा रस्त्यात गाठून देतात. पावती नको म्हणतात. बसच्या कंडक्टरने तर बस थांबवून दिले, भर रस्त्यात, आणि मागच्या सीटवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. लायब्ररीवाल्या बाईंनी दिले, पडद्यांचं मनात ठेवलं नाही. माझ्या नणंदेने हप्ते बांधून घेतलेत. आमच्या विहीणबाई, सूनबाईच्या आई हो, दोन शहरं पलीकडे राहतात, वर्षातून एकदा भेट — त्यांनी तिकडून पाठवले, वर निरोप, 'कमी पडले तर संकोच करू नका.' आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. माझं बोलणं वरपर्यंत जातं हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी दिले आणि बायको हळूच म्हणाली, तेवढं त्या तबेल्यातल्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगून मग गप्प बसा.

अभिमानाची गोष्ट आहे, मी सगळ्यांना तेच सांगते. एका साध्या बाईच्या गप्प बसण्याला एवढी किंमत येते? मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या बोलण्याला येत नाही. मी हसत हसत पावत्या फाडल्या. आमच्या ह्यांनी किती दिले विचारा. नको, विचारू नका. सगळ्यांत जास्त. भाजीवाल्याशी एका लिंबावरून हुज्जत घालणारा माणूस — चष्मा पुसत पुसत आकडा सांगितला. खजिनदारांनी दोनदा विचारलं, नक्की ना? ह्यांनी मान हलवली. मला तोंडात मारल्यासारखं झालं, मास्तर. पण पावती मलाच फाडायची होती. नाव लिहिलं, रक्कम लिहिली, आणि खाली 'आपले आभारी आहोत' असं लिहिलं. ते लिहावंच लागतं.

एवढा पैसा जमला म्हटल्यावर नियम आले. एक शब्द जरी गेला तर सगळ्यांचे पैसे परत, हा पहिला. मग शब्द म्हणजे काय, ह्यावर अख्खी बैठक. शिंक शब्द आहे का? नाही. उचकी? नाही, पण उचकीनंतर 'अगं आई' आलं तर शब्द. घोरणं चालेल, झोपेत बरळणं चालणार नाही. मग मी झोपेत बरळते की नाही ते बघणार कोण? आमचे हे काही कामाचे नाहीत, हे रात्री कानातलं मशीन काढून डबीत ठेवतात. रात्री कशाला, मी दारातून आत पाऊल टाकलं की काढतात. डबीचं झाकण लागल्याचा टिक् आवाज येतो, मी आता तो दारातूनच ओळखते. पण ते सभेत कशाला सांगायचं? सूनबाईची नेमणूक झाली. कुंड्यांशी बोललं तर चालेल का, असं मी विचारलं, त्यावर मतदान झालं आणि कुंड्या हरल्या. खरा घोळ पुढेच. वसंत संपतो कधी? मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुस्तकात दिलंय त्या तारखेला. दंतवैद्य म्हणाले, छे, माझं नाक वाहायचं थांबतं तेव्हा. शेवटी बागेतल्या माळ्यावर सोपवलं, तो म्हणेल तेव्हा संपला. मी लगेच जाऊन त्याला विचारलं, बाबा रे, साधारण कधी? त्याने आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, यंदाचा लांबणार दिसतोय. त्यानेही वर्गणी दिलीय, बरं का.

म्हणून म्हटलं, थोडा सराव करावा. परवा सकाळी उठल्यापासून बोलायचंच नाही असं मनाशी ठरवलं, कोणाला सांगितलं नाही. चहा केला, ह्यांच्यापुढे ठेवला, समोर बसले. चिडीचूप. आणि मास्तर, मी काहीही बोलत नव्हते, ओठ मिटलेले — आणि हे पेपर वाचता वाचता म्हणाले, 'हं.' मग थोड्या वेळाने, 'बरोबर आहे तुझं.' मग पान उलटलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, 'लोक असतातच तसे, आपण मनाला लावून घेऊ नये.' मी बघतच राहिले. चिरंजीव आंघोळ करून आले, 'हो आई, ऐकलं' म्हणाले आणि कानात वायरी घालून कामाला गेले. सूनबाई दारातून म्हणाली, 'संध्याकाळी सांगा हं, आता उशीर होतोय.' काय संध्याकाळी सांगा? मी तोंड उघडलेलं नव्हतं. मी तशीच बसून राहिले, दुपार झाली, कोणाला काही कळलं नाही. शेवटी मोरीतल्या नळाला म्हणाले, काय रे, गळतोयस? आवाज आहे ना जागेवर, एवढंच बघायचं होतं.

हे सांगायचं नव्हतं खरं तर. खजिनदार, तुम्ही ऐकू नका हो, तुमचं लक्ष घड्याळाकडे असू दे.

मुद्दा तुमचा आहे. माझे फोन वसंतापुरते वाटून दिले. पोस्टमन खजिनदारांकडे गेला, बिचाऱ्याला आता रोज व्याजाचे दर ऐकायला लागणार. परिचारिका मुख्याध्यापिकांकडे, त्या तिला फैलावर घेतील, दिवा का लावला नाही म्हणून. आणि तुमचं नाव निघालं तसे सगळे खाली बघायला लागले. तुम्हाला फोन करायचा म्हणजे दोघांचं एकट्याने बोलावं लागतं, ते कोणाला जमत नाही. मागे मला ताप आला होता तेव्हाचं आठवतं? दंतवैद्यांच्या बायकोने फोन लावला, तुम्ही टक् केलंत, ती म्हणाली हॅलो, तुम्ही टक् टक् — तिने घाबरून कंपनीला कळवलं की लाइन बिघडलीय, आणि त्यांच्या माणसाने येऊन तुमचा चांगला चालू फोन दुरुस्त करून बंद पाडला. तेव्हा ह्या वेळी कोणीतरी म्हणालं — नाव घेत नाही, दारात स्टुलावर बसलंय — 'मास्तरांना तसा काय फरक पडणार? ते काही बोलत नाहीत. वसंतापुरतं त्यांना वगळू.' आणि ठराव लिहायला पेनचं टोपण काढलं.

मी उठले ना. ताडकन उठले. म्हटलं, फरक पडत नाही? तुम्ही ओळखता काय त्यांना? पोलीस बँडमध्ये अख्खं आयुष्य ड्रम वाजवलाय त्या माणसाने. मी त्यांना एकदा विचारलं होतं, की मास्तर, बँडमध्ये सगळ्यांत अवघड काय, वाजवणं की चालणं, तर ते म्हणाले — आणि तिथे मी अडले. कारण तुम्ही काहीतरी वाजवलं होतंत. बराच वेळ वाजवत होतात, आठवतंय मला, एकदा नाही, दोनदा नाही, पुष्कळ. पण मी तोवर सूनबाईचं सुरू केलं होतं. म्हणजे तुम्ही उत्तर दिलं होतं आणि मी घेतलं नव्हतं. मी खाली बसले. माझं वाक्य अर्धवट राहिलंय, असं संस्थेत आजवर झालेलं नाही. मुख्याध्यापिकांनी पाणी आणून दिलं.

मग वाटलं, द्यावेत सगळ्यांचे पैसे परत. सांगावं खजिनदारांना, नाही बसत मी गप्प, काय करायचं ते करा. पण मग फोन जातात, तुमचाही जातो. आणि गप्प बसले तर तुम्हाला वगळतात, म्हणजे तरीही तुमचाच जातो. बोलले तरी तेच आणि न बोलले तरी तेच. बसमध्ये बसून हेच डोक्यात घोळवत होते, त्या नादात माझा थांबा मागे गेला. कंडक्टरने आठवणसुद्धा करून दिली नाही, त्याला वाटलं मी मौन सुरू केलं, उगाच कशाला मोडा. शेवटच्या थांब्यावर उतरले, उलटी चालत आले, आणि चालता चालता सुचलं.

ठरावात काय आहे? बोलायचं नाही. फोन लावायचा नाही, असं आहे कुठे त्यात? मी लावणार. रोज, ह्याच वेळेला. तुम्ही उचलायचा. मी काही बोलणार नाही. मग करायचं काय? तुम्ही बोलायचं. — दोनदा वाजवू नका, ऐकून घ्या. चमचा आहे ना हातात? सारखं मीच विचारायचं आणि तुम्ही आपलं हो-नाही करत बसायचं, ही काय गप्पांची रीत झाली? ज्याने शब्दांशिवाय अख्खी पलटण रस्त्यातून चालवली, त्याला शब्दाचं काय अडलंय? वाजवा काहीही. सूप खारट झालं, वाजवा. जिन्यावरची मांजर आली, वाजवा. मला कळेल. नाही कळलं तर मला विचारता येणार नाही, म्हणजे तुम्हाला मध्ये तोडायलाही कोणी नाही.

काय हो खजिनदार? — ते म्हणतायत, दोन्ही बाजूंनी कोणी बोलणार नाही आणि वर बिल येणार, हे हिशेबात दाखवू कुठे? दाखवा की कुठेही. 'इतर' मध्ये दाखवा. माझ्या बसभाड्यातून कापा, मी चालत येत जाईन, कंडक्टरही सुटेल. वगळायचं म्हणणारे तुम्हीच ना, मग आता त्याचं निस्तरा. — विचार करतायत. टोपण लावलं, पुन्हा काढलं. — हो म्हणाले. हरकत नाही म्हणाले, पण मी माझ्याकडून काही वाजवायचं नाही. माझं वाजवणं बोलण्यात धरतील. ठीक आहे, नाही वाजवत, हात मांडीवर ठेवून बसते. बघा मास्तर, झालं की नाही काम?

किती राहिला वेळ? — बरं. फार नाही.

मास्तर, एक विचारू? आणि ह्या वेळी उत्तराला थांबणार आहे मी. गावात सगळ्यांनी दिली वर्गणी, तुमच्याकडे कोणी मागितली नाही, कारण तुम्हाला तर आपणच फोन करतो, तुमच्याकडून कसली घ्यायची? पण समजा मागितली असती. मी गप्प बसावं म्हणून तुम्ही दिली असती?

एकदा.

थांबा, दुसरा येतोय का बघू दे. — नाही. एकदाच.

बरं. नाही, बरं झालं विचारलं ते. म्हणजे कंटाळा येतो तुम्हाला माझा? — एकदा. अहो, जरा विचार करून तरी वाजवा. रोज येतो? — एकदा. त्या तबेल्यातल्या मुलीच्या गोष्टीचासुद्धा? वरच्या मजल्यावरचे तर — एकदा. कळलं, कळलं, किती जोरात वाजवाल.

वाईट वाटलं मला, मास्तर. खोटं कशाला बोलू? ह्यांनी आकडा सांगितला तेव्हा वाटलं नाही तेवढं वाटलं. तिथे निदान पावती फाडायचं काम होतं हाताला. मला वाटायचं, बाकी कोणी ऐको न ऐको, संध्याकाळी एक माणूस माझी वाट बघतो. इतकी वर्षं मी दिवसभर काय काय साठवून आणायचे तुमच्यासाठी.

मग रोज उचलता कशाला हो? — हे हो-नाहीमध्ये बसत नाही, माहितेय. दुसरं विचारते. फोन वाजत असतो तेव्हा, नकोच उचलायला, वाजून वाजून बंद होऊ दे, असं कधी तुमच्या मनात आलं?

दोनदा.

कधीच नाही? एवढा कंटाळा येत असून?

बरं, आणि उद्या? उद्या वाजला, आणि मी इथे नुसती बसलेय, एक शब्द बोलत नाहीये, तरी उचलाल?

एकदा.

परवाही? — एकदा. माळी म्हणेपर्यंत? — एकदा.

म्हणजे मी बोलते म्हणून उचलत नव्हतात तुम्ही. मला तर वाटायचं, मी थांबले की समोरचा उठून जाणार, म्हणून थांबतच नव्हते. घरात, सभेत, बसमध्ये, सगळीकडे तेच. तुम्हाला कंटाळा येत होता आणि तुम्ही आपले बसून होतात, होय?

खजिनदारांनी हात वर केला. दिसलं हो, दिसलं मला, एवढं एक वाक्य.

फोन ठेवू नका, मास्तर. मीही ठेवत नाही. उद्या कशाला, आत्ताच सुरू करा, सकाळपासूनचं सगळं. वाजवा. मी आहे.